पंडिता रमाबाई : एका धर्मांतराची कहाणी



रमाबाई हे नाव कानी पडले की आपल्या डोळ्यांपुढे माता रमाई उभी राहते. शेणाच्या गोवऱ्या थापून संसार रेटणारी, बाबासाहेबांच्या विद्येसाठी स्वतःची हाडे झिजवणारी आपली रमाई. आज सांगणार आहे ती कहाणी या रमाईची नव्हे. ही दुसरी रमाबाई जन्माने चित्पावन ब्राह्मण, विद्येने संस्कृत पंडिता आणि धर्माने ख्रिस्ती होती. तिला जाऊन आता शंभराहून अधिक वर्षे झाली.

तुम्ही विचाराल, आपण बौद्ध. आपल्या घरात नुकतीच भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली. मग या पाक्षिकाच्या पानांवर एका ख्रिस्ती बाईचे चरित्र कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, तुम्ही धर्म बदलला म्हणून आज गावात तुम्हाला जे जे ऐकावे लागते, ते सारे या बाईने 1883 साली ऐकले होते. कुणाच्या नादी लागलात? काय मिळाले? बापजाद्यांचा धर्म का सोडला? औशाच्या बाजारात, मळ्यात, शाळेच्या फाटकापाशी हे प्रश्न तुमच्या अंगावर येतात. याच प्रश्नांना दुसऱ्या कुणी कसे तोंड दिले, ते कुठे जिंकले आणि कुठे चुकले, हे आपण डोळे उघडे ठेवून वाचले पाहिजे. आंधळेपणाने कुणाला डोक्यावर घ्यायचे नाही आणि परधर्मी म्हणून कुणाला झिडकारायचेही नाही, ही आपल्या धम्माची शिकवण आहे.

पुण्य केले आणि उपाशी मेले

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. स्त्रीच्या कानी संस्कृत घातले म्हणून शास्त्री-पंडितांनी त्यांना जाब विचारला, त्रास दिला. तेव्हा रानात झोपडी बांधून ते राहिले. तेथे आईने लेकीला पहाटे उठवून पाठ दिले. स्त्रीला शिकवणे हा त्या काळी ब्राह्मणाच्या घरातसुद्धा गुन्हा होता, हे लक्षात ठेवा. मग आपल्या आज्यांची काय कथा!

पुढे हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराण सांगत फिरू लागले. जवळची सारी संपत्ती दानधर्मात, नवससायासांत, ब्राह्मणांना दक्षिणा देण्यात गेली. देव प्रसन्न होईल, दारिद्र्य जाईल, अशी आशा होती. 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पोथ्या पाठ होत्या, पण मजुरी करता येत नव्हती. उच्चवर्णाचा अभिमान आड येई, भीक मागण्याचीही लाज वाटे. जंगलातला पाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई गेली, मग थोरली बहीण गेली. आईच्या प्रेताला खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळेनात. तेव्हा ही सोळा वर्षांची पोर स्वतः तिरडीखाली गेली. उंचीने लहान, म्हणून तिने ती तिरडी डोक्यावर घेतली.

वाचकहो, इथे क्षणभर थांबा. ज्या देवांना सारे वाहिले त्यांनी घोटभर पेज दिली नाही. ज्या जातीसाठी मजुरी नाकारली त्या जातीची माणसे मयताला आली नाहीत. आपल्या घरांतही अजून कुणाच्या कोनाड्यात जुना देव असेल, कुणाचा नवस फेडायचा राहिला असेल. कर्ज काढून जत्रा करणारी माणसे तुमच्याही ओळखीची असतील. बावीस प्रतिज्ञा बाबासाहेबांनी उगाच दिल्या नाहीत. ब्राह्मणाच्या घराचीही या देवधर्माने राखरांगोळी केली. मग आपल्या घराची काय गत होईल?

शास्त्रांनी तिचे डोळे उघडले

उरलेली दोघे बहीणभाऊ पायी फिरत फिरत 1878 साली कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, हजारो श्लोक मुखोद्गत म्हणते, हे पाहून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी तिला वेद वाचायला दिले. ती शास्त्रे वाचू लागली आणि जसजशी वाचत गेली तसतशी अस्वस्थ झाली. तिच्या ध्यानी आले की ही शास्त्रे एकमेकांत कितीही भांडत असली तरी एका बाबतीत साऱ्यांचे एकमत आहे. ते म्हणजे स्त्री आणि शूद्र ही जात्याच नीच, त्यांना स्वतःच्या बळावर मोक्ष नाही, विद्येचा अधिकार नाही.

महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली ती नेमक्या याच कारणासाठी. रमाबाईंनी ग्रंथ जाळला नाही, पण ग्रंथाचे अंतरंग त्यांनी जगापुढे उघडे केले. पंडितांच्या घरातली मुलगी साक्षीला उभी राहिली, ही लहान गोष्ट नव्हती.

1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. बिपिनबाबू कायस्थ, म्हणजे तेथील ब्राह्मणांच्या दृष्टीने शूद्र. ब्राह्मण मुलीने शूद्राशी लग्न करणे हा प्रतिलोम विवाह, शास्त्राप्रमाणे महापाप. दोन्हीकडच्या माणसांनी पाठ फिरवली. एप्रिल 1881 मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. फेब्रुवारी 1882 मध्ये बिपिनबाबू पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर दहा महिन्यांची पोर, आणि माहेर नाही की सासर नाही.

तशाच त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला. स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. हंटर शिक्षण आयोगापुढे 1882 साली साक्ष दिली. स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका हव्यात आणि स्त्री डॉक्टर हव्यात, पुरुष डॉक्टरला अंग दाखवण्याच्या लाजेपायी बाया मरतात, हे त्यांनी ठणकावून सांगितले.

विहिरीवरचे पाणी

स्वतः डॉक्टर व्हावे म्हणून 1883 साली त्या लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या. सोबतच्या आनंदीबाई भगत यांचा तेथेच दुर्दैवी अंत झाला. तो मोठा आघात होता. रमाबाईंना ऐकू कमी येत होते, त्यामुळे वैद्यकीचे शिक्षणही हुकले. वाँटेज या गावी ज्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या राहत होत्या, त्यांनी लंडनमध्ये चालवलेले एक आश्रयगृह रमाबाईंनी पाहिले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या बायांना तेथे मायेने सांभाळत होते. आपल्याकडे अशा बाईला दगड मारतात, इथे तिला हात देतात, हे पाहून त्या हलल्या. त्यांनी कारण विचारले. तेव्हा एका जोगिणीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट तुम्हीही ऐकून ठेवा. शोमरोनी लोक यहुद्यांच्या लेखी विटाळलेले. त्यांच्या हातचे यहुदी घेत नसत. भर दुपारी एक शोमरोनी बाई विहिरीवर पाणी भरायला आली. तेथे बसलेल्या येशूने तिच्याकडे प्यायला पाणी मागितले. बाई चकित झाली. यहुदी होऊन माझ्या हातचे पाणी मागतोस कसे, असे तिने विचारले. येशू तिच्याशी बरोबरीच्या नात्याने धर्माविषयी बोलला.

ही गोष्ट ऐकताना आपल्याला दुसरी एक विहीर आठवते. भगवान बुद्धांचा शिष्य आनंद तहानलेला होता. मातंग कुळातील प्रकृती नावाची मुलगी पाणी भरत होती. आनंदाने पाणी मागितले. ती म्हणाली, मी मातंगाची मुलगी. आनंद म्हणाला, मी तुझी जात विचारली नाही, पाणी मागितले. पुढे ती मुलगी भगवंतांच्या भिक्षुणी संघात गेली. येशूच्या कितीतरी शतके आधी ही घटना आपल्या भूमीवर घडल्याचे बौद्ध ग्रंथ सांगतात. रमाबाईंना संस्कृतातले हजारो श्लोक पाठ होते, पण आनंदाची आणि प्रकृतीची गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. या देशाने आपला बुद्ध जमिनीत गाडून टाकला होता. आपल्याच औसा तालुक्यात खरोशाच्या लेण्यांत बुद्धमूर्ती बसलेली आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या आपल्या माणसांना ती कुणाची हे ठाऊक नव्हते. घरातले धन पुरलेले राहिले आणि लेक दुसऱ्याच्या दारी गेली. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात एकच ओरड झाली. कालपर्यंत जिला सरस्वती म्हणत होते, तिला धर्मबुडवी म्हणू लागले. त्या गदारोळात तिच्या बाजूने एक आवाज उठला, तो महात्मा जोतीराव फुल्यांचा. 1885 साली काढलेल्या सत्सार या पुस्तिकेत जोतीरावांनी रमाबाईंची बाजू घेतली. ज्या धर्माने स्त्रीला माणूस मानले नाही, तो एका विचारी स्त्रीने सोडला तर दोष कुणाचा, असा त्यांचा रोख होता. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. पण धर्म निवडण्याचा माणसाचा हक्क त्यांनी मानला. बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू का मानले, याचे हेही एक उत्तर आहे.

गोऱ्या धर्मगुरूंशी झगडा

आता कहाणीचा महत्त्वाचा भाग येतो. धर्म बदलला म्हणजे सगळे सुटले, असे रमाबाईंना वाटले असेल तर तो भ्रम लवकरच फिटला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत होत्या. तेथे हिंदुस्थानात येऊ पाहणाऱ्या इंग्रज तरुण पुरुषांना त्यांनी भाषा शिकवावी, असा विचार निघाला. हिंदुस्थानातील गोऱ्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदी बाईने पुरुषांना शिकवणे बरे दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंनी कळवले की कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत भर सभेत स्त्रीपुरुषांपुढे मी व्याख्याने दिली आहेत, माझ्या लोकांत काय शोभते ते मला परक्यांनी सांगू नये. धर्ममतांवरही त्यांनी शंका काढल्या. त्रैक्याचा सिद्धान्त डोळे मिटून मान्य करायला त्या तयार नव्हत्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, आमच्या संस्कृतात का नकोत, असेही त्यांनी विचारले. गुरुस्थानी असलेल्या जोगिणीला हा अहंकार वाटला. बाप्तिस्मा घेतलेल्या हिंदी बाईने ऐकावे, विचारू नये, अशी अपेक्षा होती. चामडीचा रंग देवळात शिरला होता.

रमाबाईंनी मात्र आपली बुद्धी कुणाच्या स्वाधीन केली नाही. एका पुरोहिताच्या जोखडातून सुटून दुसऱ्या पुरोहिताच्या जोखडात मान घालायची नाही, हा त्यांचा निर्धार होता. नवदीक्षितांनो, या चरित्रातून आपण सर्वांत आधी घ्यायचे ते हे. भगवान बुद्धांनी कालामांना जे सांगितले त्याचे सार हेच आहे : परंपरेने आले, ग्रंथात लिहिले, गुरूने सांगितले, एवढ्यावरून काही मान्य करू नका. ही मोकळीक आपल्याला धम्मात जन्मसिद्ध मिळाली. रमाबाईंना ती भांडून घ्यावी लागली.

1886 साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि तीन वर्षे ते राष्ट्र फिरल्या. परतल्यावर 1889 साली त्यांनी अमेरिकेची लोकस्थिती आणि आपले प्रवासवृत्त मराठीत प्रसिद्ध केले. तेथील स्त्रियांची प्रगती पाहून त्या भारावल्या, पण त्यांचे डोळे दिपले नाहीत. मूळच्या तांबड्या लोकांची जमीन गोऱ्यांनी कशी बळकावली, काळ्या माणसांना गुलाम करून कसे राबवले, गुलामगिरी कायद्याने गेली तरी रंगाचा तिटकारा कसा उरला, हे त्यांनी लिहिले. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या अमेरिकन स्त्रियांचे कार्यही सांगितले.

या विषयाशी आपले नाते जुने आहे. जोतीरावांनी 1873 साली गुलामगिरी हा ग्रंथ काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. 1946 साली बाबासाहेबांनी काळ्यांचे पुढारी डॉ. ड्युबॉइस यांना पत्र पाठवून निग्रोंचा आणि अस्पृश्यांचा प्रश्न सारखाच आहे, असे कळवले. आणि औशाचा किल्ला तर तुमच्या रोजच्या नजरेतला. एके काळी या मुलखावर हुकूम चालवणारा मलिक अंबर हा आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकत आणलेला हबशी होता. जन्म गुलामाचा, पण कर्तृत्वाने तो निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. माणसाचे मोल रंगावर नाही आणि जन्मावरही नाही, याची साक्ष आपल्या गावचे दगड देतात.

ज्या बायबलातून रमाबाईंना समता दिसली, तेच बायबल हाती घेऊन अमेरिकेचे गोरे जमीनदार काळ्यांना फटके मारत होते. त्याच बायबलातून काळ्या गुलामांनी सुटकेची आशा घेतली. पुढे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग हा काळा धर्मोपदेशक त्यातूनच उभा राहिला. माँटगोमेरी शहरातील बसवरचा त्यांचा बहिष्कार डिसेंबर 1956 मध्ये यशस्वी झाला. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात आपली दीक्षा झाली. 1959 साली किंग भारतात आले असता केरळातील एका शाळेत त्यांची ओळख अमेरिकेतील अस्पृश्य अशी करून देण्यात आली. आधी त्यांना धक्का बसला, मग पटले की ते खरे आहे. 1968 साली त्यांचा खून झाला. म्हणून धर्मग्रंथ कोणता एवढेच विचारून भागत नाही. तो वाचणारा कोणाच्या बाजूला उभा आहे, हेही विचारावे लागते.

उच्चवर्णीय विधवेपासून मुक्तीपर्यंत

11 मार्च 1889 रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढे ते पुण्यास हलवले. बालविधवांना तेथे अक्षर मिळाले, पोटाला काम मिळाले. महर्षी कर्वे यांच्या पत्नी गोदूबाई याच सदनात शिकलेल्या. पण 1893 साली सदनात मुलींना ख्रिस्ती करतात असा आरोप झाला. केसरीने झोड उठवली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक दूर झाले. पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. रमाबाईंनी माघार घेतली नाही.

आता आपण आपला प्रश्न विचारू. ही थोर बाई तेव्हा आमच्या आज्यांसाठी काय करत होती? खरे सांगायचे तर फार थोडे. 1887 साली त्यांनी इंग्रजीत लिहिलेले गाजलेले पुस्तक उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयी होते. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. प्रारंभी तेथे जातीचे सोवळे पाळण्याची मुभाही होती. महारवाड्यातली, मांगवाड्यातली बाई त्या चित्रात नव्हती. तिचे दुःख तर दुहेरी, जातीचे आणि बाईपणाचे. रमाबाईंच्या जन्माच्या तीन वर्षे आधी, 1855 साली, फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजाच्या मुलीने ज्ञानोदय या ख्रिस्ती पत्रात महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला होता. आम्हाला धर्मग्रंथ नाही तर आमचा धर्म कोणता, हा तिचा सवाल. तो सवाल रमाबाईंच्या कानी वेळेवर पोहोचला नाही.

पोहोचला तो दुष्काळाच्या रूपाने. 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना स्वतःचे मेलेले आईबाप आठवले. त्या तेथे गेल्या. पोरक्या मुलींना दलाल कसे हेरतात, मदतकेंद्रांतच त्यांची अब्रू कशी लुटली जाते, हे त्यांनी पाहिले आणि सुमारे तीनशे मुलींना वाचवून आणले. पुण्यात प्लेग असल्याने त्यांना शहरात ठेवता येईना. तेव्हा दौंडजवळ केडगाव येथे घेतलेल्या माळरानावर त्यांना नेले. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. आता जात विचारायला वेळ नव्हता. भुकेने मरणारी पोर कोणत्या जातीची, हे कोण पाहणार? शेती, विणकाम, दुग्धालय, छापखाना ही सारी कामे मुलींच्या हाती दिली. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवले. 1993 साली किल्लारीच्या भूकंपानंतर पोरकी मुले ज्यांनी पाहिली, त्यांना या कामाचे मोल सांगायला नको.

1897 च्या प्लेगात त्यांनी इंग्रज सरकारलाही सोडले नाही. पुण्याच्या प्लेगच्या दवाखान्यात नेलेल्या बायांची अब्रू सुरक्षित नाही, असे त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर लिहिले. सरकारने आरोप झिडकारले, प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेले. राज्यकर्ता आपल्या धर्माचा आहे म्हणून त्याच्या जुलमावर पांघरूण घालावे, असे त्यांना वाटले नाही. मिशनमधील पुष्कळांना हे रुचले नाही.

आपल्याच निजामी मुलखाशीही त्यांचा संबंध आला. मनोरमेच्या साहाय्याने 1912 च्या सुमारास त्यांनी गुलबर्ग्यात शाळा काढली. त्या काळी आपला औसा तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात होता आणि आपल्या मुलखाचा कारभार गुलबर्गा सुभ्यातून चाले. शाळा म्हणजे चैन, अशी तेव्हा इथली स्थिती होती.

शेवटची वर्षे त्यांनी एका कामाला वाहिली. बायबलाचे मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर, ते साध्या बायांना कळत नाही, म्हणून हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी सोप्या मराठीत नवे भाषांतर केले. मुक्तीच्या मुलींनी ते जुळवले आणि छापले. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. धर्मग्रंथ बाईला कळला पाहिजे, ही त्यांची अखेरची धडपड होती. बाबासाहेबांचे अखेरचे दिवसही बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथावरच गेले, हे तुम्हाला ठाऊक आहे.

काय घ्यावे, काय सोडावे

रमाबाईंचे उणेही सांगितले पाहिजे, नाहीतर हे चरित्र न होता पोथी होईल. भुकेल्या पोराला भाकरी आणि धर्म एकाच ताटात वाढला, तर तो धर्म त्याने निवडला असे म्हणता येईल का? मुक्तीत आलेल्या मुली ख्रिस्ती झाल्या. त्यांतल्या किती विचार करून झाल्या आणि किती आधार म्हणून, हे कोण सांगणार? रमाबाईंचा हेतू शुद्ध होता, पण प्रश्न उरतोच. उतारवयात त्यांचा ओढा विचारापेक्षा श्रद्धेकडे आणि प्रार्थनेकडे अधिक झुकला, हेही खरे.

बाबासाहेबांनी येवल्यास 13 ऑक्टोबर 1935 रोजी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. दीक्षा घेतली 1956 साली. मध्ये एकवीस वर्षे गेली. या काळात त्यांनी सारे धर्म तपासले, ख्रिस्ती धर्मही तपासला. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याला देवळात निराळे बसवतात, स्मशानही निराळे ठेवतात, जात तिथेही सुटत नाही, हे त्यांनी आपल्या लेखनात दाखवले. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी शाळा दिल्या, दवाखाने दिले, याबद्दल कृतज्ञता आहेच. पण जातीवर घाव घालण्याचे काम त्यांनी टाळले. म्हणून आपण तो रस्ता घेतला नाही. आपला रस्ता प्रज्ञा, शील आणि करुणेचा. येथे कुणी तारणारा नाही. आपणच आपले तारक आहोत.

तरी या बाईकडून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, धर्मांतर हा घरातल्या बाईचाही निर्णय असला पाहिजे. आपल्याकडे पुरुष सभेला जातो, प्रतिज्ञा घेतो, पांढरी वस्त्रे नेसतो. घरातल्या बाईला कुणी विचारत नाही. मग ती गुपचूप जुना उपास धरते आणि नवऱ्याला राग येतो. चूक तिची नाही. तिला बावीस प्रतिज्ञा समजावून सांगितल्या का? तिला शंका विचारू दिल्या का? मुलगी शाळेतून काढून लवकर उजवण्याची घाई आपण सोडली का? ज्या घरात बाईला विचारता येत नाही, त्या घरात धम्म अजून उंबऱ्याबाहेरच उभा आहे.

दुसरी गोष्ट, धर्म बदलला तरी जात अंगाला चिकटून येते. ती ख्रिस्ती देवळात गेली तशी विहारातही येऊ शकते. 1978 साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांना जय भीम म्हणतो म्हणून हालहाल करून मारले. पोचीराम जातीने मातंग होते. त्यांनी जय भीम म्हणताना आपली जात मोजली नाही. मग मातंग समाजातील कुटुंब आज दीक्षा घेऊन विहारात आले, तर त्याला पंक्तीला बसवताना, त्याच्या घरी पाणी पिताना, त्याची लेक सून म्हणून आणताना आपण कां मोजतो? आनंदाने प्रकृतीच्या हातचे पाणी मागितले. आपण आपल्या शेजाऱ्याच्या हातचे मागतो का?

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा ही कहाणी एखाद्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. बायांना पुढे बसवा. वाचून झाल्यावर त्यांना विचारा, तुम्ही धम्म का घेतला? आणि त्या जे बोलतील ते पुरुषांनी मधे न बोलता ऐका. नंतर पाण्याचा तांब्या फिरवा. तो कुणाच्या घरचा आहे, हे कुणी विचारू नका.

जय भीम!